स्पीडरन बघायचा कसा: घड्याळ, ग्लिच आणि धाकधूक

1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स बहुतेकांनी कधी ना कधी खेळलेला असतो, आणि त्यातल्या बहुतेकांनी तो शेवटपर्यंत पोचवलेला नसतो. जगातले तरबेज खेळाडू तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. हे ऐकल्यावर आपण कौतुकाने व्हिडिओ लावतो. मारिओ धावत सुटतो, कुठेही अडखळत नाही, राजकन्या सुटते, आणि मनात येतं: बरं, मग?

स्पीडरनची, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या या खेळाची, ओळख बहुतेकांच्या बाबतीत इथेच संपते. दोष प्रेक्षकाचा नाही. निष्णात माणसाच्या हातून अवघड गोष्टही इतकी सहज होते की ती अवघड होती हेच दिसत नाही. माझं मत असं की स्पीडरनची खरी गंमत वेगात नसून धोक्यात आहे. पुढच्या दोन सेकंदांत काय काय बिघडू शकतं हे ज्याला कळतं, त्यालाच तो खेळ थरारक वाटतो. बाकीच्यांना नुसता धावणारा मारिओ दिसतो. ही नजर तयार करायला फार अभ्यास लागत नाही, पण क्रम मात्र लागतो. तो असा.

पायरी 1: बोटांना आठवतो तो गेम निवडा

"सर्वोत्तम दहा स्पीडरन" अशा याद्यांपासून सुरुवात करू नका. तुम्ही स्वतः खेळलेला, शक्यतो हरलेला गेम घ्या. आपण कुठे मरायचो, कुठला शत्रू नको वाटायचा, कुठली उडी दहादा चुकायची, हे आठवत असेल तर तुलना आपोआप होते. काँट्रा, मेगा मॅन, सोनिक, डूम, काहीही चालेल.

जुना कुठलाच गेम खेळला नसेल तर आधी साध्या खेळाडूचा, ग्लिच (गेमच्या प्रोग्रॅममधल्या चुका) न वापरता रमतगमत खेळलेला अर्ध्या तासाचा व्हिडिओ बघा. हे टाळू नका. नियम माहीत नसतील तर नियम मोडल्याचा आनंद होत नाही.

लांबीकडेही बघा. पहिल्याच आठवड्यात सहा तासांचा रोल-प्लेइंग गेम लावला तर तुम्ही परत या वाटेला येणार नाही. पाच ते वीस मिनिटांचा रन उत्तम.

पायरी 2: कॅटेगरी तपासा, नाहीतर चुकीची अपेक्षा घेऊन बसाल

एकाच गेमच्या वेगवेगळ्या नियमांच्या अनेक शर्यती असतात, त्यांना कॅटेगरी म्हणतात. व्हिडिओच्या नावात ते लिहिलेलं असतं, पण नवा प्रेक्षक तिकडे बघत नाही आणि मग "हे तर चीटिंग आहे" म्हणून निघून जातो.

सगळ्यात जास्त दिसणारी कॅटेगरी म्हणजे एनी%. गेमचा कितीही टक्के भाग खेळा, फक्त शेवट गाठा. 100% मध्ये गेममधलं गोळा करण्यासारखं सगळं गोळा करायचं. ग्लिचलेसमध्ये प्रोग्रॅममधल्या चुकांचा फायदा घ्यायला मनाई. काही गेम्समध्ये मधली वाट असते: मोठे ग्लिच बंद, किरकोळ चालतील. काय मोठं आणि काय किरकोळ हे त्या त्या गेमचे खेळाडू आपसांत वाद घालून ठरवतात, आणि ते वादही कधी कधी रनइतकेच रंगतात. 2014 पासून चालू असलेल्या स्पीडरन डॉट कॉमवर बहुतेक गेम्सच्या कॅटेगऱ्या, नियम आणि क्रमवारी एका ठिकाणी मिळते. व्हिडिओ लावण्याआधी तिथला नियमांचा परिच्छेद वाचून घ्या.

कॅटेगरीमुळे गेम किती बदलतो याचा नमुना म्हणजे 1996 चा सुपर मारिओ 64. त्यात एकूण 120 तारे आहेत. निर्मात्यांच्या हिशोबाने बाउझर या खलनायकाशी शेवटच्या लढतीपर्यंत जायला 70 लागतात. खेळाडूंनी मात्र 16 तारे, 1 तारा आणि शेवटी शून्य तारे अशा वाटा शोधल्या. सगळे 120 तारे घ्यायला अव्वल खेळाडूला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. 16 ताऱ्यांचा रन पंधरा मिनिटांच्या आत बसतो, आणि शून्य ताऱ्यांचा साधारण सहा मिनिटांत आटोपतो. 16 ताऱ्यांच्या वाटेत एक ससा आहे. पंधरा तारे मिळाल्यावर तो तळघरात येतो. त्याला पकडून, विशिष्ट कोनात दाराशी नेऊन सोडलं की मारिओ बंद दारातून पलीकडे सरकतो. त्या दारासाठी खरं तर 30 तारे हवेत. कुलूप तसंच, आणि माणूस आत.

नवख्याने सुरुवात याच 16 ताऱ्यांपासून करावी असं मी सुचवेन. ग्लिच आहेत, पण गेम अजून गेमसारखा दिसतो. याउलट 1998 च्या ऑकारिना ऑफ टाइमचा एनी% विक्रम आज चार मिनिटांच्या आत आहे. त्यात खेळाडू वस्तू उचलतो, ठेवतो, विचित्र दिशांना वळतो, आणि त्या हालचालींतून कन्सोलच्या मेमरीत हवे ते आकडे भरून थेट शेवटच्या दृश्यावर उडी मारतो. तांत्रिकदृष्ट्या हा कळस आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला मात्र एक मुलगा गवतात भरकटतोय आणि अचानक नावं वर सरकायला लागतात, एवढंच दिसतं. हा रन सहा महिन्यांनी बघा.

पायरी 3: पहिला रन समालोचनासकटच बघा

विक्रमाचा व्हिडिओ बहुधा मुका असतो. खेळाडू बोलत नाही, कारण त्याला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. म्हणून पहिली ओळख एखाद्या कार्यक्रमातल्या रनने करून घ्यावी. गेम्स डन क्विक हा त्यातला सगळ्यात मोठा. जानेवारी 2010 मध्ये पहिला कार्यक्रम झाला तेव्हा केअर या संस्थेसाठी साडेदहा हजार डॉलरच्या आसपास निधी जमला. आता वर्षातून दोनदा, आठवडाभर अहोरात्र हा मेळा चालतो आणि एकेका कार्यक्रमातून लाखो डॉलर जमतात. हिवाळ्यातला मेळा प्रिव्हेंट कॅन्सर फाउंडेशनसाठी, उन्हाळ्यातला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससाठी.

इथे खेळाडूच्या मागे कोचावर दोन-तीन जाणकार बसतात. तेही बहुधा त्याच गेमचे खेळाडू असतात. काय होतंय, काय व्हायला हवं होतं, पुढची अवघड जागा कोणती, हे ते सांगत राहतात. एक उपाय आवर्जून करा: तोच रन दोनदा बघा, पहिल्यांदा समालोचन ऐकत आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्या वेळी अवघड जागेच्या आधी तुमचं तुम्हालाच सावरून बसावंसं वाटलं, तर नजर तयार व्हायला लागली म्हणायची.

एका प्रकारात मात्र आवाज बंद करून चालणार नाही. 1987 च्या पंच-आउटचे काही खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधून खेळतात, आणि या मेळ्यांतही तसं झालेलं आहे. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा कधी येणार हे ते निव्वळ आवाजावरून ओळखतात. तो रन बघताना मधेच डोळे मिटून बघा.

जाता जाता सुपर मेट्रॉइडच्या प्राण्यांबद्दल. 1994 च्या या गेममध्ये शेवटी ग्रह फुटायच्या आधी पळताना, वाटेत अडकलेल्या काही प्राण्यांना सोडवता येतं. त्यात काही सेकंद जातात. वेगाच्या हिशोबात तो तोटाच. म्हणून "प्राणी वाचवा" की "प्राणी मारा" यावर देणगीदार पैसे लावतात, आणि खेळाडूला बहुमताप्रमाणे वागावं लागतं. काही सेकंदांच्या निर्णयावर एवढा खल दुसरीकडे क्वचितच होत असेल.

पायरी 4: एकच युक्ती घ्या आणि ती मुळापासून समजून घ्या

सगळा रन समजून घ्यायच्या मागे लागू नका. एक युक्ती निवडा, तिच्यावरचा शिकवणीचा व्हिडिओ शोधा आणि तीच का चालते ते बघा. पुढचं बरंचसं तिच्या उजेडात दिसतं.

नमुना म्हणून मारिओ 64 मधली उलटी लांब उडी घ्या. गेममध्ये पुढे जाण्याच्या वेगाला मर्यादा घातलेली आहे. मागे जाण्याच्या वेगाला ती घालायची राहून गेली. मारिओला पाठमोरा जिन्याशी उभा करून लांब उडीची कळ भराभर दाबली की प्रत्येक उडीगणिक मागचा वेग साठत जातो, आणि तो इतका होतो की भिंत, दार, 70 तारे नसताना न संपणारा जिना, सगळं मागे पडतं. 1997 मध्ये जपानमध्ये निघालेल्या नव्या आवृत्तीत निर्मात्यांनी ही चूक दुरुस्त केली. म्हणून ही युक्ती लागणाऱ्या कॅटेगऱ्यांत ती आवृत्ती कोणी घेत नाही. कोणता खेळाडू कोणत्या देशाची आवृत्ती वापरतो याकडे लक्ष द्या. कुठे ग्लिच शिल्लक असतो, कुठे संवाद लवकर संपतात. ऑकारिनाच्या काही रनसाठी चिनी आयक्यू कन्सोल वापरतात, कारण त्यावर पात्रांचं बोलणं लवकर उरकतं. युरोपातल्या जुन्या आवृत्त्या सेकंदाला 60 ऐवजी 50 चित्रांवर चालत, त्यामुळे बरेच गेम्स तिथे मुळातच संथ होते.

दुसरा नमुना 1997 च्या गोल्डनआयचा. यातला अव्वल खेळाडू बराच वेळ जमिनीकडे बघत, तिरका धावत असतो. नवख्याला वाटतं की याचा कंट्रोलर बिघडलाय. तिरकं धावण्याचं कारण असं की पुढचा आणि बाजूचा वेग एकत्र होऊन एकूण वेग वाढतो. खाली बघण्याचं कारण आणखी मजेशीर आहे. निन्टेन्डो 64 या कन्सोलला समोरचं सगळं दृश्य रंगवताना धाप लागते आणि गेम रखडतो. घड्याळ मात्र चालूच असतं. जमिनीकडे पाहिलं की रंगवायला फारसं काही उरत नाही आणि गेम सुरळीत पळतो. म्हणजे हा खेळाडू शत्रूंबरोबर यंत्राच्या मर्यादेशीही खेळत असतो, वाटेकडे न बघता, नकाशा पाठ असल्याच्या भरवशावर.

तिसरा नमुना "चूक" दिसणाऱ्या हालचालींचा. सुपर मारिओच्या 4-2 या टप्प्यात (चौथ्या जगातला दुसरा टप्पा) खेळाडू धावता धावता मुद्दाम विटांना धडकतो. बघणाऱ्याला वाटतं, गेला विक्रम. प्रत्यक्षात त्या धडकेने मारिओ पडद्यावर नेहमीपेक्षा थोडा उजवीकडे सरकतो, पण मागचं दृश्य तेवढं पुढे गेलेलं नसतं. पुढच्या पाइपात शिरल्यावर कुठे बाहेर पडायचं हे गेम दृश्य किती सरकलं यावरून ठरवतो. हिशोब फसतो, आणि पाइप मारिओला वेलीवर चढून जायच्या जागी, म्हणजे 8-1 कडे नेणाऱ्या गुप्त खोलीकडे पोचवतो. वेल उगवायची आणि चढायची वेळ वाचली. अशा जागा ओळखता यायला लागल्या की रन बघताना हात आपोआप डोक्याला लागतो आणि खाली येतो.

पायरी 5: पडद्याच्या कडेचं घड्याळ वाचायला शिका

गेमच्या बाजूला आकड्यांचा एक तक्ता असतो. निम्मी गोष्ट त्यात असते.

रनचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना स्प्लिट म्हणतात. प्रत्येक तुकडा संपला की त्यासमोर आकडा येतो: उणे म्हणजे खेळाडू तुलनेच्या वेळेपेक्षा पुढे, अधिक म्हणजे मागे. तुलना बहुधा त्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम रनशी असते, ज्याला पीबी म्हणतात. हिरवा म्हणजे पुढे, लाल म्हणजे मागे. छटाही बोलतात: फिकट हिरवा दिसला तर खेळाडू एकूण पुढे आहे, पण या तुकड्यात त्याने थोडी आघाडी गमावली. सोनेरी आकडा म्हणजे त्या तुकड्यातली त्याची आजवरची सर्वोत्तम वेळ. सोनेरी दिसला की खेळाडू पुटपुटतो तरी, नाहीतर खुर्चीत हलतो.

तळाशी "सम ऑफ बेस्ट" असा आकडा असेल तर तो जरूर बघा. प्रत्येक तुकड्यातली सर्वोत्तम वेळ एकाच रनमध्ये जुळून आली तर काय होईल, याची ती बेरीज असते. ती कधीच जुळून येत नाही. पीबी आणि या बेरजेतलं अंतर जितकं कमी, तितका खेळाडू आपल्या मर्यादेच्या जवळ.

काही गेम्समध्ये घड्याळाचं गणित याहून वेगळं असतं, आणि सुपर मारिओ त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. टप्पा संपल्यावर पुढचा टप्पा सुरू करायचा का, हे हा गेम दर 21 फ्रेमनी एकदाच तपासतो. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, आणि 21 फ्रेम म्हणजे साधारण 0.35 सेकंद. जाणकार याला बसची उपमा देतात: बस ठरल्या वेळीच सुटणार, तुम्ही थांब्यावर धापा टाकत पोचा की निवांत. त्यामुळे एखाद्या टप्प्यात दहा फ्रेम वाचवूनही हाती काहीच न लागण्याची शक्यता असते, आणि एक फ्रेम कमी पडली तर अख्खी बस चुकते. शेवटच्या 8-4 ला मात्र हा नियम लागू नाही. बाउझरच्या पुलावरच्या कुऱ्हाडीला मारिओचा स्पर्श झाला की घड्याळ थांबतं, त्यामुळे तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते. सात टप्पे अगदी सफाईने पार केलेला खेळाडू 8-4 च्या दारात आला की प्रेक्षकांच्या पोटात गोळा येतो, त्याचं कारण हे.

पायरी 6: एका विक्रमाची वंशावळ बघा

आवडलेल्या गेमचा विक्रम कसा खाली खाली आला यावरचे व्हिडिओ शोधा. हा या छंदाचा सगळ्यात रसाळ भाग आहे असं मला वाटतं, आणि त्यासाठी तुम्हाला स्वतः खेळायचीही गरज नाही.

गोल्डनआयचा पहिला टप्पा, डॅम, घ्या. सगळ्यात सोप्या पातळीवरची 53 सेकंदांची वेळ 2002 मध्ये आली. मग पंधरा वर्षं ती तिथेच अडली. एकामागून एक खेळाडू तिच्याशी बरोबरी करत गेले, पण 52 कोणालाच दिसेना. डिसेंबर 2017 मध्ये तो आकडा अखेर पडला. एका सेकंदासाठी पंधरा वर्षं! त्या 52 चा व्हिडिओ नुसता पाहिला तर मिनिटभराचा साधा खेळ आहे. आधीची पंधरा वर्षं माहीत असतील तर गोष्ट वेगळी. सुपर मारिओतही निफ्टस्की या खेळाडूने 2021 मध्ये 4:55 ची भिंत फोडली तेव्हा ती अर्ध्या सेकंदाहूनही कमी हालचाल होती, आणि चाहत्यांसाठी मोठा सण.

आणखी मागे जायचं असेल तर डूम आणि क्वेककडे जा. 1993 च्या डूममध्ये खेळाडूने दाबलेल्या कळा साठवणारी छोटीशी फाइल बनवता येत असे. इंटरनेट कूर्मगतीने चालण्याच्या काळातही ती एकमेकांना पाठवता यायची, म्हणून तिथे स्पर्धा लवकर रुजली. जून 1997 मध्ये काही खेळाडूंनी मिळून अख्खा क्वेक सगळ्यात अवघड पातळीवर 19 मिनिटं 49 सेकंदांत संपवला. वेगवेगळ्या टप्प्यांचे रन एकापुढे एक जोडून तो बनवला होता. असा जोडलेला रन आणि एका बैठकीतला रन यांत फरक करायचा असतो, हेही इथेच लक्षात ठेवा.

पायरी 7: खरं-खोटं आणि माणूस-यंत्र ओळखा

टास म्हणजे सॉफ्टवेअरच्या मदतीने एकेक फ्रेम थांबवून, चुकलं तर मागे जाऊन रचलेला रन. तो खोटा नाही, त्याची जातच वेगळी आहे. गेममध्ये तात्त्विकदृष्ट्या काय शक्य आहे ते तो दाखवतो, आणि बऱ्याच युक्त्या आधी तिथे सापडून मग माणसांच्या हातात येतात. गोंधळ लेबल गळाल्यावर होतो. 2003 मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स 3 चा सुमारे अकरा मिनिटांचा असा एक व्हिडिओ जगभर फिरला. कित्येकांना तो हाताने खेळलेला वाटला आणि सत्य कळल्यावर ते चिडले. म्हणून व्हिडिओच्या नावात आणि वर्णनात टास लिहिलंय का ते आधी बघायचं.

खोटे विक्रमही असतात. ड्रॅगस्टर या अटारीच्या गेममधली 5.51 सेकंदांची वेळ 1982 पासून विक्रम म्हणून नोंदलेली होती. पुढे गेमचा प्रोग्रॅम उलगडून तपासला तेव्हा 5.57 च्या खाली जाणंच शक्य नसल्याचं दिसलं, आणि 2018 मध्ये तो विक्रम रद्द झाला. प्रेक्षक म्हणून तुम्हाला पोलीसगिरी करायची नाही. क्रमवारीच्या पानावर तपासणी झालेला रन बघितलात की पुरे.

पायरी 8: थेट प्रयत्न, आणि मग शर्यती

शेवटी ट्विचसारख्या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर विक्रमाच्या मागे लागलेल्या खेळाडूचे थेट प्रयत्न बघा. पहिला धक्का बसेल तो रीसेटचा. पहिल्या टप्प्यात अर्धा सेकंद गेला की खेळाडू गेम बंद करून नव्याने सुरू करतो. पुन्हा तेच, आणि पुन्हा. हे सलग बघण्यासारखं नाही. काम करता करता बाजूला लावून ठेवा आणि निम्म्याहून पुढे हिरवे आकडे दिसले की वळा. नशिबावर चालणारे गेम्स याला अपवाद. शत्रू कुठल्या बाजूला उडी मारेल हे गेमच ठरवत असेल, तर शेवटच्या मिनिटापर्यंत काही खरं नसतं.

चॅटमध्ये दोन पथ्यं पाळा. रन चालू असताना सल्ला देऊ नका. आणि रन बिघडल्यावर लगेच "काय झालं?" विचारू नका. बहुधा कोणीतरी जुना चाहता पुढच्या दोन मिनिटांत सांगतोच.

शर्यतींची मजा मात्र वेगळीच. दोन किंवा चार खेळाडू एकाच वेळी सुरू करतात, आणि इथे रीसेट करून भागत नाही. त्यामुळे एरवी न दिसणारं कौशल्य दिसतं: चूक झाल्यावर सावरण्याचं. पुढे असलेला खेळाडू अवघड ग्लिच टाळून पाच सेकंदांचा सुरक्षित वळसा घेतो. मागे पडलेल्याला तसं करून चालत नाही. कोण कोणत्या जागी धोका पत्करणार याचा अंदाज आधीच बांधून ठेवा. दोघं त्या जागेजवळ यायला लागले की एका पडद्याला चिकटून राहू नका, पुढच्याने वळसा घेतला का ते आधी बघा आणि लगेच मागच्याकडे या.